जोर लाव!



मी मुळात मराठीची शिक्षिका. शाळेत क्रीडाशिक्षक नसल्यामुळे मैदानाची जबाबदारी माझ्याकडे आली, आणि त्याच वर्षी नववीतल्या एका मुलीने थाळीफेकीत नाव दिलं. शेतात राबलेली, मनगटाची घट्ट पोर. मला वाटलं, हिला काय शिकवायचं? हिला नुसतं म्हणायचं, "जोर लाव!"

जूनमध्ये तिची फेक 14 मीटरच्या आसपास जायची. थाळी 1 किलोची. मुलांना हुरूप यावा म्हणून मी त्यांना कृष्णा पूनियांबद्दल सांगितलं. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी 61.51 मीटर फेकून सुवर्णपदक जिंकलं, तेही याच वजनाच्या थाळीने. मुलं उत्साहाने टेप घेऊन मोजायला धावली, पण एवढं अंतर आमच्या मैदानात मावेना. टेप कंपाउंडच्या भिंतीला जाऊन टेकला! ती मुलगी बराच वेळ त्या भिंतीकडे बघत उभी होती.

मग रोज तीस-चाळीस फेकी सुरू झाल्या. माझं एकच पालुपद, "अजून जोर!" अंतर मात्र इंचभरही वाढेना. एक दिवस ती रडवेली होऊन म्हणाली, "बाई, अजून किती लावू जोर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. "बाई, पोरीचा खांदा दुखतोय. रात्री कूस बदलता येईना. तुमचं ते थाळीचं बंद करा."

खरं सांगते, मला फार लाज वाटली. डॉक्टरांनी दोन आठवडे विश्रांती सांगितली. तेवढ्यात मी शेजारच्या गावातल्या एका निवृत्त क्रीडाशिक्षकांना गाठलं. खांदा बरा झाल्यावर ते आले. त्यांनी तिच्या दोनच हलक्या फेकी पाहिल्या आणि म्हणाले, "बाई, हिचा फक्त हात फेकतोय. बाकीची मुलगी नुसती उभी आहे."

त्यांनी सुरुवात पकडीपासून केली. थाळी मुठीत आवळायची नाही. चार बोटांची शेवटची पेरं कडेवर टेकवायची, अंगठा वर नुसता ठेवायचा. पहिला आठवडाभर फेकणंच बंद! फक्कीच्या रेषेवरून थाळी चाकासारखी घरंगळत सोडायची. सुटताना शेवटचा स्पर्श तर्जनीचा झाला, तर ती सरळ जाते. नाहीतर डगमगून आडवी पडते. चूक झाली की थाळीच सांगायची, मला ओरडावं लागत नव्हतं.

मग उभ्याने फेक. उजव्या हाताने फेकणाऱ्याने डावी बाजू फेकीच्या दिशेला करायची, वजन उजव्या पायावर घ्यायचं. आधी उजवं पाऊल वळतं, मग कंबर, मग छाती आणि सगळ्यांत शेवटी हात. तोपर्यंत हात सैल, थाळी मागेच राहिलेली. ती चटकन म्हणाली, "म्हणजे सर, हात गोफणीच्या दोरीसारखा?" ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवलेली पोर ती! मला महिनाभर जे सांगता आलं नव्हतं, ते तिने एका वाक्यात पकडलं.

सरांनी निम्म्याच जोराने फेकायला सांगितलं, दिवसाला फक्त बारा फेकी. गंमत म्हणजे या निम्म्या जोरातच थाळी 16 मीटरच्या पुढे गेली. जोर हाताने आणायचा नव्हता. तो जमिनीवरून पायांत, पायांतून कमरेत चढत यायचा होता. हाताने फक्त त्याची वाट अडवायची नव्हती.

सप्टेंबरमध्ये तालुकास्तरीय स्पर्धा झाली. त्या दिवशी समोरून वारा होता. मी धास्तावले, पण सर हसले. "समोरचा माफक वारा थाळीला उचलून धरतो, बाई. फक्त पुढची कड वर उचलली जाऊ नये. उचलली, की थाळी वाऱ्यात उभी राहते आणि तिथेच पडते." तिने अडीच मीटरच्या वर्तुळात उभं राहून डोळे मिटले, खांदा सैल सोडला आणि फेकली. 18.65 मीटर! नंबर चौथा आला, प्रमाणपत्र हुकलं. मैदानाच्या कडेला तिची आई उभी होती. तिने अंतर विचारलंच नाही. "खांदा?" एवढंच विचारलं. "नाही दुखत," पोरगी म्हणाली. आईने मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सरावाला आली.

तेव्हापासून वर्गातली माझी भाषा मी तपासून बघते. "लक्ष दे", "नीट वाच", "जरा डोकं लाव" ही सगळी "जोर लाव"चीच भावंडं. ऐकणाऱ्याला त्यातून काय करायचं ते कळत नाही, आपण कमी पडतोय एवढंच कळतं. आता वाचताना अडखळणाऱ्या मुलाला मी म्हणते, "या शब्दावर बोट ठेव. पहिलं अक्षर कोणतं?"

पालकहो, मूल अडलं की आपल्याही तोंडी "अजून मेहनत कर" सहज येतं. त्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसून बघा, नेमकं कुठे अडतंय. कदाचित त्याचा जोर पुरेसा असेल, नुसती मूठ सैल करायची राहिली असेल.