रेघ सोडून बाकी सगळं

झरीना हाश्मी! हे नाव आजवर मला कुणी सांगितलं कसं नाही? चित्रकारांत गायतोंडे ठाऊक होते, रझांचा बिंदू ठाऊक होता. पण लाकडाच्या फळीवरून कागदावर उमटलेली एक काळी रेघ असं खिळवून ठेवेल, याची कल्पनाच नव्हती. त्यांचं ‘डिव्हायडिंग लाइन’ आधी बघा. मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर बघा.

फिकट हातकागद आणि त्यावर वाकडीतिकडी धावणारी एक रेघ. बस्स. गावांची नावं नाहीत, रंग नाहीत. तरी दुसऱ्या क्षणी ओळख पटते: ही भारत-पाकिस्तानची सरहद्द! चित्र २००१ सालचं.

पण खरी गंमत पुढेच आहे. शाळेत बटाटा कापून ठसे काढले असतील, तर लगेच कळेल. उंच राहतं ते उमटतं, खोदलेलं कोरं राहतं. म्हणजे झरीनांनी ती रेघ कोरलेलीच नाही! रेघ सोडून बाकी सगळी फळी कोरून काढलीय. आजूबाजूला काळे चरे विखुरलेत ना, ते हत्याराच्या तडाख्यातून वाचलेलं लाकूड. दोन्हीकडची जमीन खरवडली, तेव्हा कुठे सरहद्द उभी राहिली. हे कळल्यावर मी खुर्चीतून उठून घरात येरझाऱ्या घातल्या.

‘एवढं तर कुणीही करेल,’ असं कुणी म्हणालंच, तर मी भांडायला तयार आहे. १९३७ साली अलीगढला जन्मलेली ही बाई गणित शिकलेली. फाळणीच्या वेळी दहा वर्षांची. पुढे घरचे कराचीला गेले. छपाईचं तंत्र त्या पॅरिसला छापचित्रकार हेटर यांच्या कार्यशाळेत शिकल्या, लाकूडठसे टोकियोत, आणि मुक्काम पडला न्यूयॉर्कला. मग १९९९ मध्ये ‘होम इज अ फॉरिन प्लेस’ ही ३६ ठशांची मालिका. त्यांनी आधी उर्दू शब्द निवडले, पाकिस्तानातल्या सुलेखनकाराकडून ते लिहवून घेतले आणि मग एकेका शब्दाला आकार दिला. पहिला शब्द ‘घर’. चित्र? अलीगढच्या घराचा आराखडा, मोजक्या सरळ रेघांत. मला उर्दू लिपी वाचता येत नाही. काही अडलं नाही.

आणि २००३ ची ती उद्ध्वस्त शहरांची मालिका! सारायेव्हो, बगदाद, काबूल, आपलं अहमदाबादसुद्धा. त्यातलं न्यूयॉर्क म्हणजे सगळा काळा ठसा आणि त्यात दोन उभ्या पांढऱ्या रेघा. इथे हिशोबच उलटा: फळी राखली, फक्त हल्ल्यात कोसळलेले ते दोन मनोरे कोरून काढले.

शिवाय कागदाचा लगदा साच्यात ओतून केलेली कामं आहेत. सुईने कागद टोचून टोचून केलेली चित्रं आहेत, त्यांत तर शाईचा थेंबही नाही! ती अजून नीट बघायचीत, आज रात्री तेच.