फालूनच्या खाणीतला लाल

चि. छोटीस,


स्वीडनमधल्या दालार्नातलं तुझं लाकडी घर या उन्हाळ्यात रंगवायला काढायचं आहे. दुकानदाराने अ‍ॅक्रिलिक, अल्किड, तेलाचा रंग, स्टेन आणि पाण्यात शिजवलेला जुना लाल असे सगळे डबे पुढे मांडले आणि तू गोंधळलीस. यातला टिकाऊ कोणता, एवढंच तुला हवं आहे. पण याचं निम्मं उत्तर तुझ्याच भागातल्या फालूनच्या खाणीत आहे, म्हणून आधी तिची गोष्ट ऐक.

फालूनची तांब्याची खाण सुमारे हजार वर्षं चालली आणि ८ डिसेंबर १९९२ रोजी बंद झाली. सतराव्या शतकात, तिच्या भराच्या काळात, युरोपला लागणाऱ्या तांब्यातलं दोन-तृतीयांश तांबं या एका डोंगरातून निघत असे. स्वीडनच्या राजांनी युरोपभर लढाया केल्या, त्यांचा बराचसा खर्च या तांब्याने उचलला. माणसं खणत राहिली, पोखरत राहिली, आणि १६८७ च्या जूनमध्ये सगळा मधला भाग एकदम खचला. मध्य-उन्हाळ्याच्या सणाची सुट्टी होती, खाणीत कुणी उतरलं नव्हतं, म्हणून एकाचाही जीव गेला नाही. तो जवळजवळ शंभर मीटर खोल खड्डा आजही आहे. २००१ पासून हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत आहे.

तांबं निघालं की बाकीचा दगड बाहेर टाकून द्यायचा. असे ढीग शतकानुशतकं साठले. त्यात कमी प्रतीचं, गंधक आणि लोखंड मिसळलेलं खनिज होतं. पाऊस, बर्फ आणि हवेने ते कुजत-गंजत गेलं आणि त्याची पिवळट तपकिरी माती झाली. ती धुऊन, निथळून भट्टीत भाजली की लाल होते, कारण भाजताना मातीतल्या लोहसंयुगातलं पाणी निघून जातं आणि लोखंडाचा लाल ऑक्साइड उरतो. आपल्याकडचा गेरू म्हणजेही हाच ऑक्साइड. फालूनच्या मातीत मात्र त्याच्या जोडीला सिलिका आणि तांब्या-जस्ताचे अंश आहेत. भट्टीचा ताव वाढवला की रंग गडद होतो. खाण बंद झाली तरी माती अजून त्याच जुन्या ढिगांतून उचलली जाते.

हा रंग आधी गरिबांच्या भिंतीवर आला असेल असं वाटतं, पण तसं झालं नाही. १५७० च्या दशकात राजा तिसरा योहान याने तो आपल्या राजवाड्यांच्या छपरांसाठी मागवला. पुढच्या शतकात सरदारांनी तो उचलला, आणि त्यामागे विटांची हौस होती. हॉलंड आणि जर्मनीतल्या विटांच्या हवेल्या पाहून आलेल्या या मंडळींना तसंच घर हवं होतं. स्वीडनमध्ये वीट महाग, लाकूड मुबलक. तेव्हा ओंडक्यांच्या घराला लाल रंग द्यायचा आणि कोपऱ्यांच्या फळ्या फिक्या रंगवायच्या, म्हणजे लांबून विटांची भिंत आणि दगडी कोपरे वाटावेत. तुझ्या घराचे पांढरे कोपरे याच हौसेचे वारसदार आहेत.

१७६४ पासून फालूनला या रंगाचं व्यापारी उत्पादन सुरू झालं. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरापर्यंत तो पोचला एकोणिसाव्या शतकात, आणि तोवर श्रीमंतांनी गिलाव्यासारखे दिसणारे फिके पिवळे, पांढरे रंग धरले होते. लाल रंग मग खेड्याचाच झाला, इतका की बालसाहित्यकार अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेनच्या बुलरब्यूच्या गोष्टी ज्या सेव्हेडस्टॉर्प वाडीवरून सुचल्या, तिथली ती तीन लाल घरं पाहायला लोक अजून जातात.

आता डब्याच्या आत काय असतं ते बघ. पाणी उकळायचं, त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचं सल्फेट, विरघळवायचा, राय या धान्याचं पीठ घालून खळ शिजवायची, मग लाल माती, आणि शेवटी अळशीचं तेल, ज्याच्या शिजवलेल्या रूपाला आपले सुतार बेलतेल म्हणतात. पाणी, पीठ, तेल, हिराकस, गेरू. शंभर वर्षांपूर्वी सोलापुरातल्या किंवा नागपुरातल्या रंगाऱ्याला यातल्या एकाही वस्तूचं नवल वाटलं नसतं. खळ मातीला लाकडाशी धरून ठेवते, तेल लाकडात मुरतं आणि हिराकस बुरशीला आवर घालतो.

हिराकसाच्या कुळातले सल्फेट काय करू शकतात, याचा पुरावा खाणीनेच दिला. १७१९ मध्ये खाणीच्या एका पाणी भरलेल्या, सोडून दिलेल्या भागात एका तरुणाचा देह सापडला. चेहरा, कातडी, सगळं शाबूत. ओळख पटेना, तेव्हा एक वयस्कर बाई पुढे आली आणि म्हणाली, हा माझा वाग्दत्त पती मात्स इस्राएलसन. तो १६७७ मध्ये बेपत्ता झाला होता. बेचाळीस वर्षं धातूंच्या सल्फेटनी भरलेल्या पाण्याने त्याला कुजू दिलं नव्हतं. बिचारीसमोर तो अजून तरुणच होता.

आता टिकाऊपणाकडे. इथे बहुतेक जण चुकीच्या शत्रूशी लढतात. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला १९१० पासून सरकारी फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे. लाकूड आणि रंग यांवर तिथे पिढ्यान्‌पिढ्या काम झालं. त्यातून दिसलं, की उघड्यावर ठेवलेलं, काहीही न लावलेलं सूचिपर्णी लाकूड उन्हापावसाने शंभर वर्षांत जेमतेम ६ मिलिमीटर झिजतं. ऊन लाकडातलं लिग्निन मोडतं, वरचा थर करडा पडतो, पण घर त्याने पडत नाही. घर पडतं कुजण्याने, आणि कुजायला पाणी लागतं. लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर कुजवणारी बुरशी वाढत नाही.

म्हणून रंग किती जाड, किती चकचकीत, यापेक्षा आत शिरलेलं पाणी तो बाहेर सोडतो की नाही, हे बघायचं. पाणी शिरतंच. फळीच्या कापलेल्या टोकातून, खिळ्याच्या भोकातून, भेगेतून. भिंतीवर प्लास्टिकसारखा घट्ट पापुद्रा असेल, तर फळी फुगते-आकसते, पापुद्र्याला चीर पडते, पाणी आत जातं आणि मागे कोंडून राहतं. बाहेरून भिंत नवीकोरी, आणि बोट दाबलं की लाकूड भुसभुशीत. फालूनच्या लालाला पापुद्राच नाही. तो वाफ जाऊ देतो, आणि जुना झाला की पोपडे धरत नाही, पीठ होऊन झडतो. त्यातलं लोखंड आधीच पूर्ण गंजलेलं असल्यामुळे उन्हाने त्याचा रंगही विटत नाही. दर दहा-पंधरा वर्षांनी एक हात दिला की झालं. मॅडिसनच्या प्रयोगशाळेने १९५० च्या दशकात अळशीच्या तेलाचा अर्धपारदर्शक स्टेन बनवला, तोही याच विचाराने: वर पापुद्रा न धरता लाकडात मुरणारा.

पण सगळ्याच घरांना हा लाल चालत नाही. त्याला करवतीची खरखरीत फळी लागते. रंधा मारलेल्या गुळगुळीत लाकडावर तो धरत नाही. आणि ज्या भिंतीवर आधी अ‍ॅक्रिलिक किंवा अल्किड बसला आहे, तिच्यावर तर अजिबात नाही, आधी तो सगळा खरवडावा लागतो.

तेव्हा डबा घेण्याआधी भिंतीवरून तळहात घासून बघ. हाताला लाल पूड लागली तर भिंतीवर जुना लाल आहे. मग पाण्याचा एक शिपका मार, भिंतीने पाणी पिऊन टाकलं तर खात्रीच. हाताला काही न लागता नखाने पापुद्रा निघाला, किंवा पाणी ओघळून गेलं, तर भिंतीवर दुसरा रंग आहे. लाकूड ठणठणीत असेल तर त्याच जातीचा चांगला रंग लावावा, नाहीतर सगळं खरवडण्याची तयारी ठेवावी. आत्याचं मत विचारशील तर, जुना लाल निघाला की दुसऱ्या कुठल्याही डब्याकडे बघूसुद्धा नकोस.

कामही अवघड नाही. ताठ ब्रशने सैल पूड झाडायची, शेवाळ असेल तर धुऊन वाळू द्यायचं आणि एक हात द्यायचा. कुठे नवी फळी बसवलीस तर तिला दोन हात, पहिला थोडं पाणी घालून. भर उन्हात लावू नकोस, ऊन फिरेल तसं भिंतीच्या सावलीच्या बाजूने काम कर. माती तळाशी बसते म्हणून डबा सारखा ढवळायचा, नाहीतर भिंतीवर पट्टे उमटतात. कोपऱ्यांच्या फळ्या आणि खिडक्यांच्या चौकटी या लालाने नको, तिथे पांढरा अळशीच्या तेलाचा रंग, पातळ हाताने. लाल रंगवलेल्या भिंतीला पाठ टेकवून बसायचं मात्र नाही, कपड्यांना लाल लागतोच.

सगळ्यात आधी उत्तरेकडची भिंत आणि जमिनीलगतच्या फळ्यांची खालची टोकं तपास, ओल तिथेच रेंगाळते. तिथे सुरी सहज आत गेली तर रंगाआधी सुताराला बोलाव, आणि काय निघालं ते मला कळव.

तुझी,
आत्या