सावित्रीच्या काठाने वेळासकडे

आंबेनळी घाट हा पोलादपूर आणि महाबळेश्वर यांना जोडणारा, प्रतापगडाच्या जवळून जाणारा सुमारे ४० किलोमीटरचा रस्ता बहुतेक प्रवाशांना केवळ थंड हवेकडे नेणारी चढण म्हणून ठाऊक असतो. परंतु त्याच घाटाच्या वळणांखालच्या खोऱ्यात महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री आहे, आणि कृष्णा, कोयना, वेण्णा या तिच्या सोबतिणी पूर्वेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे जात असताना ती मात्र सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात उतरते. ज्या कुटुंबाला मुलांसह चार दिवस वन्यजीवांच्या सान्निध्यात घालवायचे आहेत, त्याने घाट चढण्याऐवजी या नदीच्या उताराने समुद्राकडे जावे, कारण एवढ्या थोड्या अंतरात इतकी निरनिराळी जीवसृष्टी दाखवणारी वाट महाराष्ट्रात क्वचितच सापडते. माथ्याकडच्या सदाहरित झाडीत शेकरू, म्हणजे राज्यप्राणी असलेली तांबूस मोठी खार, जांभळीच्या फांदीवरून हिरड्याच्या फांदीवर झेपावते; महाडजवळ सावित्रीच्या डोहांकाठी मगरी ऊन खात पहुडलेल्या दिसतात; आणि भरतीचे पाणी महाडच्या बाजूपर्यंत आत येत असल्याने तेथून पुढे नदी हळूहळू खाडीच होते.

या खाडीच्या मुखाशी, बाणकोटच्या हिम्मतगडापलीकडे, मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव आहे. नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेल्या या गावात पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी राहतात. जमिनीवर अंथरूण, पंगतीला भात-आमटी, सोलकढी आणि एखाद्या दिवशी उकडीचे मोदक, असा तेथील सरबराईचा थाट असतो. ज्या पाहुण्यासाठी ही सारी सिद्धता असते, तो मात्र समुद्रातून येतो. ऑलिव्ह रिडले या जातीच्या सागरी कासवाची मादी थंडीच्या महिन्यांत रात्री किनाऱ्यावर येऊन मागच्या पायांनी वाळूत घड्यासारखा, तोंडाशी अरुंद व तळाशी रुंद खड्डा खणते, त्यात साधारण शंभर ते दीडशे अंडी घालून तो बुजवते आणि एकदाही मागे न फिरता परत जाते.

पूर्वी ही अंडी माणसे, कोल्हे आणि कुत्री यांच्या तोंडी जात असत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते समुद्रगरुडांचा शोध घेत येथे आले असता त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली, आणि भाऊ काटदरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावालाच या कामात ओढून घेतले. तेव्हापासून कासवमित्र पहाटे पावलांचा माग काढत किनारा पालथा घालतात, घरटे सापडले की अंडी जपून काढून कुंपण घातलेल्या जागेत तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवतात, आणि सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले वर येतात. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक आणि गार राहिली तर नर अधिक जन्मतात, म्हणजे अपत्याचे लिंग ठरवण्याचे काम येथे उन्हाकडे आहे. वाढत्या उष्म्याची चिंता म्हणूनच या इवल्या खड्ड्यापर्यंत पोचते.

२००६ पासून भरणाऱ्या कासव महोत्सवाने या कष्टांना उत्पन्नाची जोड दिली, आणि अंडे विकून मिळणाऱ्या चार पैशांपेक्षा पिल्लू पाहायला येणारे बिऱ्हाड गावाला अधिक मोलाचे ठरले. कोकणातील निसर्गरक्षणाचा याहून शहाणा व्यवहार दाखवणे कठीण आहे. सकाळी आणि सायंकाळी घरट्यावर झाकलेली टोपली उचलली जाते, पिल्ले आली असल्यास ती पाण्यात न सोडता ओल्या वाळूवर ठेवून समुद्राकडे चालू दिली जातात, कारण या चालीतच जन्मकिनाऱ्याची खूण त्यांच्यात रुजत असावी असे अभ्यासक मानतात. तळहातात मावणारे ते करडे पिल्लू लाटेने दोनदा मागे लोटले जाते, तिसऱ्यांदा तिच्याच ओढीने आत जाते, आणि पाहणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे एरवी क्षणभर न थांबणारी मुले निःशब्द उभी राहतात. पुढची वाट किती लांबची असू शकते, हे उपग्रहाने कळू लागले आहे: जानेवारी २०२२ मध्ये वेळासलाच ‘प्रथमा’ या मादीच्या पाठीवर संदेश पाठवणारे यंत्र बसवण्यात आले, आणि तिने गुजरातच्या दिशेने केलेला प्रवास नकाशावर उमटला.

एखाद्या सकाळी टोपलीखाली काहीच नसते. तेव्हा हिवाळी पाहुणे असलेले कुरव पक्षी पाहावेत, सुरूच्या बनात बसावे; पैसे मोजले म्हणून पिल्लू दाखवा असा हट्ट मात्र कोणी धरू नये. पिल्ले समुद्राच्या उजळ क्षितिजाकडे वळतात आणि माणसाच्या दिव्याने त्यांची दिशा चुकते, त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वेळासला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने अंधार पडल्यावर किनाऱ्यावर विजेरी आणि मोबाइलचा दिवा लावू नये, आणि आपल्या मुलांनाही ते आधी घरीच समजावून सांगावे.