मुलगी शहरात राहील कुठे?

आमच्या कोकणात मुलगा मुंबईला गेला तर कुणाला नवल वाटत नाही. आजोबा जहाजावर खलाशी, वडील मुंबईहून आखातात, नातू आयटीआय करून पनवेलला. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. साऱ्या महाराष्ट्रात ९२९. कमावते पुरुष बाहेर आणि बायका गावी, हे त्यामागचे मोठे कारण.

याचा अर्थ बायका गाव सोडत नाहीत असा नाही. देशभरातल्या स्थलांतरितांत स्त्रियांचीच संख्या जास्त आहे. फरक आहे तो कारणाच्या रकान्यात. गावाहून शहरात आलेल्या पुरुषापुढे बहुधा 'काम' लिहिले जाते, स्त्रीपुढे 'लग्न'. पुढे तीच स्त्री मुंब्र्यात शिवणकाम करो, शिकवण्या घेवो की दवाखान्यात नोकरी करो, तिच्या येण्याचे कारण लग्नच राहते.

आम्हा शिक्षकांना हा फरक दहावीच्या निकालानंतर दिसतो. जेमतेम पास झालेला मुलगा मामाकडे मुंब्र्याला जातो, कुणी काही विचारत नाही. पंच्याऐंशी टक्के मिळवणाऱ्या मुलीच्या घरी मात्र पहिला प्रश्न येतो, "राहील कुठे?" दोन वर्षांनी त्याच मुंब्र्यातले स्थळ आले, की तेच आईवडील तिची आनंदाने रुखसती करतात. म्हणजे अडचण अंतराची नाही, शहराचीही नाही. मुलीने स्वतःच्या कामासाठी जावे, हेच मनाला पटत नाही.

आईवडिलांची काळजी खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. लोकलची गर्दी, खोलीचे भाडे, अनोळखी शेजार, सगळे खरे आहे. पण हीच काळजी मुलग्यांच्या बाबतीत आपल्या वडीलधाऱ्यांनी कशी मिटवली होती? गावोगावच्या जमातींनी मुंबईत खोल्या धरल्या. नवा पोरगा आला की त्याला अंथरूण मिळे, ताट मिळे, नोकरीसाठी कुणीतरी शब्द टाकी. त्याला एकट्याच्या नशिबावर कुणी सोडले नाही.

मुलींसाठी तशी एखादी खोली का असू नये? कॉलेजजवळ दोन खोल्या, देखरेखीला एखादी विश्वासू वडीलधारी बाई आणि दोन-चार गावांच्या जमातींनी वाटून घेतलेला खर्च. राज्य सरकारने अल्पसंख्याक मुलींसाठी काही ठिकाणी वसतिगृहेही बांधली आहेत. तिथला अर्ज वेळेत भरून देणे एवढे तरी आपल्या हाती आहे.

इल्म मिळवणे स्त्री-पुरुष दोघांवर फर्ज आहे, हे आपण जलशांत ऐकतो. कमाईत पुरुषांचा वाटा आहे तसा स्त्रियांचाही आहे, असे सूरह निसा सांगते. तेव्हा यंदाचा निकाल लागण्याआधीच जमातीच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि त्या बैठकीला मुलींच्या आयांनाही बोलवावे.