नेट गेल्यावर तुमचा स्विच काय करतो?



आपल्या रेशीम शेडमध्ये दाराजवळ दोन छोटे पांढरे डबे लावलेत. येणारा प्रत्येक जण आधी अळ्या बघतो आणि मग बोट करून विचारतो, "हे काय बसवलंय?" फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगून माझंही समाधान होत नाही आणि विचारणाऱ्याचंही. म्हणून आज सगळं सविस्तर लिहितो. ज्यांचं रेशीम नाही त्यांनीही वाचा. कांदा चाळ असो, मशरूमची खोली असो की कोंबड्यांची पिल्लं, हिशोब तोच आहे.

आधी गरज काय ते सांगतो. चॉकी संपून अळ्या आपल्या शेडमध्ये आल्या की त्यांना २४ ते २६ अंश तापमान आणि ७० ते ७५ टक्के आर्द्रता लागते. पाचव्या अवस्थेत अळी तिच्या आयुष्यातला चारपंचमांश पाला खाते, म्हणजे आपला पाला, मजुरी आणि मेहनत बहुतेक सगळी त्या सात-आठ दिवसांत शेडमध्ये पडलेली असते. नेमकं तेव्हा तापमान ३० च्या वर गेलं की अळी सुस्तावते, पाला सोडते, रोगाला बळी पडते. उलट हवा दमट आणि गार राहिली की मस्कार्डिनची भीती. मराठवाड्यात एप्रिलची दुपार आणि डिसेंबरची पहाट, दोन्हीकडून मार आहे. त्यामुळं बॅच चालू असली की घरातलं एक माणूस शेडला बांधलेलं. आमच्याकडं ते माणूस म्हणजे बहुतेक वेळा आमची आई किंवा घरची. रात्री बाराला एक चक्कर, तीनला एक चक्कर, थर्मामीटरवर बॅटरी मारून बघायचं आणि कुलर चालू नाहीतर बंद करायचा.

"मग बाजारातून स्मार्ट स्विच आणून लावा की," असं बरेच जण म्हणतात. माझ्या चुलतभावानं लावला होता. तयार स्विच, मोबाईलवर अ‍ॅप, घरात ब्रॉडबँड. दोन महिने झकास चालला. मागच्या एप्रिलमध्ये तो लग्नाला संभाजीनगरला गेला. त्या दिवशी रस्त्याच्या कामावर जेसीबीनं नेटची केबल तोडली, आणि दुपारी लाइटही थोडा वेळ जाऊन आली. लाइट आली, पण कुलर आला नाही. अ‍ॅपवर एकच शब्द: ऑफलाइन. भावाचा मला फोन आला. पुतण्या मोटरसायकल घेऊन गेला तर शेडमध्ये ३४ अंश, अळ्यांनी माना वर केलेल्या. त्यानं स्विचचं बटण हातानं दाबलं आणि कुलर सुरू झाला. स्विच चांगला होता, कुलर चांगला होता, लाइट होती. फक्त "चालू हो" असं सांगणारा संगणक शेकडो मैल दूर होता आणि त्याच्याशी बोलायची तार तुटली होती.

त्या दिवशी पुतण्या म्हणाला, "काका, निर्णय शेडमध्येच व्हायला पाहिजे." तो आयटीआय केलेला पोरगा आहे. पुढचं बरंचसं काम त्याच्या हातचं, आणि डोकं आम्हा दोघांचं.

आता आतली गोष्ट. स्वस्त स्मार्ट स्विचमध्ये दोनच महत्त्वाच्या वस्तू असतात. एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका. दुसरी वाय-फायची चिप. सोनऑफ बेसिकसारख्या बऱ्याच स्विचमध्ये ती एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ असते. ही चिप म्हणजे स्वतःच एक छोटा संगणक आहे. तिच्यात कंपनीनं भरलेला प्रोग्राम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो कंपनीच्या सर्व्हरला विचारून वागतो. तो काढून दुसरा भरता येतो. आम्ही भरला तो टास्मोटा. नेदरलँड्सच्या थिओ अ‍ॅरेंड्स यांनी तो सुरू केला आणि पुढं जगभरच्या लोकांनी वाढवला. थिओ, अ‍ॅरेंड्स, सोनऑफ, एमक्यूटीटी आणि 'ओव्हर द एअर' यांची अक्षरं जोडून ते नाव झालंय. फुकट आहे, खुला आहे. तो भरला की स्विचचं स्वतःचं छोटं पान तयार होतं, ते मोबाईलच्या ब्राउझरमध्ये उघडतं. अ‍ॅप नको, खातं नको, नेट नको. एक जुना राउटर शेडमध्ये ठेवला, त्याला नेटची केबल जोडलेलीच नाही, तरी सगळं चालतं. एवढंच की ही चिप २.४ गिगाहर्ट्झचंच वाय-फाय ओळखते.

प्रोग्राम भरायची रीत थोडक्यात. स्विच उघडला की पट्टीवर चार भोकं दिसतात: ३.३ व्होल्ट, आरएक्स, टीएक्स आणि ग्राउंड. तिथं यूएसबी-सिरियल अ‍ॅडाप्टर जोडायचा, टीएक्स आरएक्सला आणि आरएक्स टीएक्सला. अ‍ॅडाप्टर ३.३ व्होल्टवरच हवा, ५ व्होल्टला चिप जळते. स्विचचं बटण दाबून धरून अ‍ॅडाप्टर लॅपटॉपला लावला की चिप नवीन प्रोग्राम घ्यायला तयार होते. आणि हे वाक्य दोनदा वाचा: अ‍ॅडाप्टर जोडलेला असताना स्विचला घरची २३० व्होल्टची लाइन अजिबात जोडायची नाही. लॅपटॉप जाईल, आणि माणूसही जाऊ शकतो. झाकण उघडलं की वॉरंटी संपते, हेही धरून चला. सोल्डरिंग घरी करा. तो धूर अळ्यांजवळ नको.

आता सेन्सर. बरेच व्हिडिओवाले त्याच स्विचच्या पट्टीवर सेन्सरची वायर जोडून दाखवतात. आम्ही तसं केलं नाही, त्याला कारण आहे. अशा कित्येक स्विचमध्ये आतली कमी व्होल्टची बाजू मेन लाइनपासून वेगळी केलेली नसते. म्हणजे सेन्सरच्या बारीक वायरलाही करंट असू शकतो. शेडमध्ये ओलावा, लोखंडी रॅक आणि बायाबापड्यांचे ओले हात. म्हणून आपल्याकडं डबे दोन आहेत. एका डब्यात नोडएमसीयू बोर्ड आणि सेन्सर, मोबाईलच्या साध्या चार्जरवर चालणारा. दुसऱ्या डब्यात स्विच. दोघांतही टास्मोटा. सेन्सरचा डबा वाय-फायवरून स्विचला हुकूम देतो. वायरीनं दोघांचा काही संबंध नाही.

सेन्सर घेताना दहा-वीस रुपयांकडं बघू नका. डीएचटी११ सगळ्यात स्वस्त, पण त्याच्या तापमानात २ अंशांचा फरक कंपनीच मान्य करते. आपल्याला पाहिजे ती पट्टीच २ अंशांची आहे! आम्ही एसएचटी३० लावला. नुसतं तापमान हवं असेल तर डीएस१८बी२० हा पाण्यात चालणारा सेन्सर मजबूत आहे, ०.५ अंशाच्या आत बरोबर असतो. त्याला ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर जोडावा लागतो.

सेन्सर खरा बोलतो का, हे घरीच तपासता येतं. पाण्यात चालणारा सेन्सर भरपूर बर्फ आणि थोड्या पाण्याच्या पेल्यात बुडवा, शून्य अंश दाखवला पाहिजे. आर्द्रतेसाठी एका झाकणात साधं मीठ घ्या, थोडं पाणी टाकून चिखलासारखं ओलं करा आणि सेन्सरसोबत बरणीत बंद करून रात्रभर ठेवा. मीठ सेन्सरला लागू देऊ नका. बरणीत आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. सेन्सर ७९ दाखवत असेल तर टास्मोटात ४ वजा करून टाका, तशी सोय आहे. दर बॅचच्या आधी आम्ही हे करतो, कारण शेडमध्ये चुना आणि निर्जंतुकीकरणाची पावडर उडते आणि सेन्सर हळूहळू बिघडतो.

नियम साधे आहेत. तापमान २७ च्या वर आणि आर्द्रता ७० च्या खाली असेल तर फॉगर. तापमान जास्त पण आर्द्रता ८० च्या वर असेल तर फॉगर बंद, फक्त एक्झॉस्ट पंखा. २५ च्या खाली आलं की दोन्ही बंद. चालू आणि बंदच्या आकड्यांत अंतर ठेवा, नाहीतर खटका मिनिटाला दहा वेळा वाजेल आणि महिन्यात मरेल. अळ्या मोल्टवर बसल्या की फॉगर पूर्ण बंद ठेवतो, तेव्हा शेड कोरडी लागते. मोल्ट कुठल्या सेन्सरला कळत नाही. ते आईला कळतं.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ती गोष्ट. स्विच किती हुशार आहे हे विचारू नका. विचारा की काही बिघडलं तर तो काय करतो.

सेन्सरचा डबा बंद पडला तर? सेन्सर दर ५ मिनिटांनी फॉगरला पुन्हा "चालू" असं सांगतो. स्विचमध्ये पल्सटाइम नावाची सोय आहे, तिच्यात ७०० आकडा टाकलाय. त्यातले १०० सोडून उरलेले ६०० सेकंद, म्हणजे १० मिनिटं. १० मिनिटांत नवा हुकूम आला नाही तर फॉगर आपोआप बंद. सेन्सर मेला, राउटर मेला, वाय-फाय गेलं, काही झालं तरी रात्रभर पाणी उडून रॅक भिजणार नाहीत. हिवाळ्यात हीटरलाही हाच नियम.

लाइट जाऊन आली तर? टास्मोटात पॉवरऑनस्टेट असतं. फॉगर आणि हीटरला ० दिलंय, म्हणजे लाइट आल्यावर बंदच राहायचं आणि सेन्सरच्या हुकमाची वाट बघायची. पंख्याला १ दिलंय, म्हणजे लाइट आली की लगेच फिरायचं. जे चुकून चालू राहिलं तर नुकसान करतं ते बंद पडलं पाहिजे, आणि जे चुकून बंद राहिलं तर नुकसान करतं ते चालू झालं पाहिजे.

सेन्सर खोटं बोलला तर? डीएस१८बी२० लाइट आल्या-आल्या कधीकधी ८५ अंश दाखवतो. ती त्याची सुरुवातीची ठरलेली किंमत आहे, तापमान नाही. म्हणून ५० च्या वरचा आकडा आला तर नियमानं काहीच करायचं नाही, असं लिहून ठेवा.

घड्याळ? नेट नसलं की या स्विचला वेळ कळत नाही. म्हणून "दुपारी १२ ला चालू" असे टायमर आम्ही वापरतच नाही. सगळं तापमान-आर्द्रतेवर.

लोडचं पण बघा. स्विचवर १० अँपिअर लिहिलेलं असतं. २००० वॅटचा हीटरच ८.७ अँपिअर ओढतो, आणि मोटर सुरू होताना कितीतरी पट जास्त. म्हणून हीटर आणि पंप कॉन्टॅक्टरवर, स्विच फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल ओढतो. आधी एमसीबी, अर्थिंग पक्की. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

आणि प्रत्येक यंत्राला शेजारी एक साधा हाताचा खटकाही आहे. टास्मोटा बाजूला सारून सरळ लाइन देणारा. आईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुझं डबडं रुसलं तर मी काय करायचं?" तेव्हाच तो बसवला. त्यावर लाल रंग दिलाय, अंधारातही सापडतो.

लाइटच गेली तर यातलं काहीच चालत नाही, हेही सांगून ठेवतो. तेव्हा पूर्वीसारखंच ओली बारदानं खिडक्यांना आणि पत्र्यावर पाणी. डबे वीज तयार करत नाहीत.

सगळं मिळून आमचे दोन हजारांच्या आत गेले, कॉन्टॅक्टर आणि वायरमनची मजुरी सोडून. विकत घेण्याआधी आत कोणती चिप आहे ते नक्की विचारा. टुयाच्या व्यवस्थेवर चालणारे बरेच नवे स्विच आता दुसऱ्या चिपचे येतात आणि त्यांच्यावर टास्मोटा बसत नाही.

या डब्यांनी कोष जास्त निघाले का, असं सगळे विचारतात. एका-दोन बॅचवरून मी तसं म्हणणार नाही. पाला, अंडीपुंज, ऋतू, सगळंच बदलत असतं. मी सांगू शकतो ते एवढंच: बॅच चालू असताना आई आता रात्री तीनला उठत नाही. पहाटे पाल्याच्या वेळी उठते, आधी भिंतीवरचा जुना थर्मामीटर बघते, मग माझ्या मोबाईलवरचा आकडा विचारते. दोन्ही जुळले तरच चहा ठेवते. आणि तो थर्मामीटर मी काढू देणार नाही.

बसवायचं असेल तर बॅच संपल्यावर, शेड रिकामी असताना बसवा. चार दिवस नुसतं चालवून बघा. मुद्दाम राउटर बंद करा, सेन्सर उपटा, मेन स्विच पाडून परत द्या. प्रत्येक वेळी तो काय करतो ते वहीत लिहा. त्यात पास झाला तरच त्याच्या भरवशावर अळ्या आत आणा.