उलटे पाय

गेल्या पावसाळ्यांत माझा एक विद्यार्थी ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाग न देतां तारा खोंचण्याच्या पाटीवर, पांच एलईडी दिवे मांडीत होता. ते अर्डुइनो ऊनोच्या मायक्रोकंट्रोलरनें लावावयाचे होते. दिव्यांस एकंदर ५० मिलिअँपियर प्रवाह हवा. मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनेवर २० हून अधिक भार घालणें बरें नव्हे. म्हणून मध्यें ट्रान्झिस्टर योजावा लागतो. त्याच्या बेसला अल्प प्रवाह दिला, कीं कलेक्टरांतून एमिटरकडे मोठा प्रवाह वाहूं लागतो.

बीसी ५४७ संपल्यामुळें मीं २एन ३९०४ दिला. दिवे नुसते मिणमिणले. “जोडणी नीट कर!” असें म्हणून मी चारचौघांत त्याच्यावर खेंकसलों. बिचाऱ्यानें तीनदां तारा उपसून पुन्हां लाविल्या.

रात्रीं मीं माहितीपत्रक पाहिलें. सपाट बाजू समोर व पाय खालीं धरल्यास ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. ३९०४ चे नेमके उलट! रूप मात्र एकच. चूक माझी होती.

दुसरे दिवशीं त्याच चारचौघांत मीं त्याची क्षमा मागितली. त्यानें ट्रान्झिस्टर फिरवून बसविला आणि पांचही दिवे लख्ख उजळले. विद्यार्थिमित्रांनो, पाटीवरची तार उपसून पुन्हां लावितां येते. तोंडचा शब्द तसा उपसतां येत नाहीं.