नदी नसलेल्या देशातील तीर्थे

ज्या देशात नदी नाही त्या देशातील लोकांनी तीर्थे कोठे करावी? आपल्याकडे नदीचा काठ पाहून गाव वसावयाचे, पुढे कोणी पुण्यवंताने घाट बांधावयाचा, आणि मग त्या घाटाभोवती देव, पुराण, जत्रा, बाजार ही सारी मंडळी आपसूक जमावयाची, असा क्रम आहे. मेक्सिको देशाच्या पूर्वेस युकातान नावाचे जे द्वीपकल्प आहे त्याच्या उत्तर भागात नदीच नाही. पाऊस पडतो, आणि चांगला पडतो. परंतु ती सारी भूमी चुनखडीची असल्यामुळे पडलेले पाणी वाहण्यास अवसरच मिळत नाही, ते तत्काळ आत जिरते. हजारो वर्षे झिरपणाऱ्या या पाण्याने खडक विरघळून पोटात भुयारे झाली आहेत, आणि जेथे भुयाराचे छत कोसळले तेथे मोठ्या विहिरीसारखे विवर पडून तळाचे पाणी उघडे झाले आहे. अशा विवरास तेथील माया लोकांच्या भाषेत 'त्सोनोत' म्हणतात. स्पॅनिश लोकांनी त्याचे 'सेनोते' केले. त्या लोकांची गावे या विवरांच्या काठी वसली आणि देवही तेथेच राहावयास आले. चिचेन इत्झा या प्रसिद्ध नगरीच्या नावाचा अर्थच मुळी 'इत्झा लोकांच्या विहिरीच्या तोंडाशी' असा आहे.

एका विद्वत्परिषदेच्या निमित्ताने मेक्सिकोस जाण्याचा योग आला, तेव्हा परतण्यापूर्वीचे चार दिवस आम्ही सपत्नीक कानकुन या किनाऱ्यावरील शहरी काढले. हे शहर १९७० नंतर प्रवाशांसाठीच उभारलेले. तेथे पाहण्यासारखी वस्तू म्हणजे समुद्र, आणि तोही हॉटेलांच्या फटींतून. म्हणून एका दिवसाच्या सहलीची तिकिटे काढली. सहलीच्या गाडीतून देश पाहणे म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास खाणे, असे आमचे जुने मत आहे. परंतु वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी परक्या मुलखात घास चावून देणारा कोणी भेटला तर नाक मुरडू नये, असे सौ.चे मत पडले. आणि तिकिटे तिनेच काढली होती.

कानकुन ज्या राज्यात आहे त्याचे घड्याळ २०१५ पासून युकातान राज्याच्या घड्याळापुढे एक तास असते. त्यामुळे सीमा ओलांडताच आम्हांस एक तास फुकट मिळाला. तो सहलीच्या चालकांनी एका दुकानात खर्ची घातला. आपल्या जन्मतारखेचे माया पंचांग कागदावर रंगवून तेथे विकत देत होते. वायादोलिद या जुन्या गावी आमचे मार्गदर्शक गाडीत चढले. हे चाळिशीतले, ठेंगणे, गंभीर मुद्रेचे गृहस्थ स्वतः माया असून घरी आईशी त्याच भाषेत बोलत. आम्ही हिंदुस्थानातील असे कळताच ते म्हणाले, "म्हणजे शून्य तुमच्याकडेही होते." इतक्या थोड्या शब्दांत झालेली इतकी चांगली ओळख आमच्या स्मरणात दुसरी नाही. एक म्हणजे टिंब, पाच म्हणजे आडवी रेघ आणि शून्य म्हणजे शिंपला, अशा तीन चिन्हांत विसाच्या पटीने त्यांच्या पूर्वजांनी लांबलचक कालगणना लिहून ठेविली आहे. आमच्याकडील काही उत्साही लेखकांनी या लोकांचा संबंध मयासुराशी जोडिला आहे. चमनलाल यांचे 'हिंदू अमेरिका' हे इंग्रजी पुस्तक १९४० साली निघाले तेव्हा त्याची बरीच वाहवा झाली. आम्हांस हा खटाटोप कधीच रुचला नाही. दुसऱ्याच्या घरी शून्य सापडले की ते आपल्याच घरून चोरीस गेले असावे, असे मानण्यात कसला मोठेपणा? ज्या पर्जन्यदेवास ते भजत त्याचे नाव 'चाक', आणि गाडीचे चाक मात्र त्यांनी कधी वापरले नाही. नावांच्या साम्यावरून काढलेल्या सिद्धांतांची किंमत एवढ्यावरून कळावी.

चिचेन इत्झास अलीकडे वर्षाला वीस लाखांहून अधिक माणसे येतात. आम्ही गेलो त्या दिवशी त्यांतील निम्मी तरी आली असावीत असा भास झाला. मधोमध कुकुलकान या सर्पदेवाचा नऊ टप्प्यांचा पिरॅमिड आहे. चारही बाजूंस प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि माथ्यावरील एक मिळून ३६५ होतात, म्हणजे वर्षाचे दिवस दगडात मोजून ठेविले आहेत. पायऱ्यांसमोर टाळी वाजविली असता केत्झल पक्ष्याच्या आवाजासारखा प्रतिध्वनी येतो. तो ऐकण्यासाठी शेदीडशे माणसे एकसारखी टाळ्या पिटीत असल्यामुळे पक्षी कोणता आणि प्रेक्षक कोणता हे समजत नव्हते. चढण्यास २००६ पासून बंदी आहे, ते एका परीने बरेच झाले. वर चढणारा मनुष्य देवळाकडे पाहतच नाही, खालच्या माणसांकडे पाहून हात हालवितो. १६८ मीटर लांबीचे चेंडूचे पटांगण, कवट्या कोरलेला ओटा, वेधशाळा ही सारी आम्ही रीतीप्रमाणे पाहिली. आम्हांस विशेष वाटले ते निराळेच. २०१५ साली मेक्सिकोतील संशोधकांनी विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने शोध घेतला तेव्हा या पिरॅमिडाच्या खाली पाण्याचे एक विवर असल्याचे दिसून आले. म्हणजे देवळाचा पायाच तीर्थावर आहे, आणि आम्ही सारे टाळ्या वाजवीत त्यावर उभे होतो.

गाडीतील एका प्रवाशाने विचारिले, "माया लोक नाहीसे केव्हा झाले?" मार्गदर्शकांनी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, "मी आज सकाळी सहा वाजता घरून निघालो." लोक हसले, ते स्वतः हसले नाहीत. माया भाषा आजही युकातानात सात लाखांहून अधिक लोक बोलतात. नाहीशा झाल्या त्या पोथ्या. १५६२ साली मानी या गावी दिएगो दे लांदा नावाच्या पाद्र्याने त्या सैतानाच्या म्हणून जाळविल्या. आज साऱ्या जगात चार उरल्या आहेत. दैवयोग असा की, याच लांदाने आपल्या ग्रंथात माया अक्षरांची एक चुकीमाकीची यादी लिहून ठेविली होती, आणि तिचाच धागा धरून युरी क्नोरोझोव्ह या रशियन पंडिताने १९५२ साली त्या लिपीच्या वाचनाची वाट दाखविली. जाळणाऱ्याच्याच हातून किल्ली राहून जावी, हा न्याय म्हणावा की विनोद?

पिरॅमिडापासून दगडी सडकेने उत्तरेस गेले की पवित्र विवर लागते. सुमारे ६० मीटर रुंद, उभ्या कड्यांचे, तळाशी गढूळ हिरवे पाणी. येथे पर्जन्यदेवास सोने, हिरवे मणी, धूप आणि माणसे अर्पण करीत. एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकन वकिलाने, म्हणजे तेथील राजदूताच्या हाताखालील अधिकाऱ्याने, ही जागा विकत घेऊन १९०४ पासून काही वर्षे तळ उपसला आणि सापडलेल्या वस्तू हार्वर्डच्या संग्रहालयात धाडिल्या. त्यांतील काही पुढे मेक्सिकोस परत मिळाल्या. येथे सुंदर कुमारिका फेकीत असत, ही कथा सर्वच प्रवाशांस प्रिय आहे. वस्तुतः पाण्यातून निघालेल्या अस्थींत पुरुष आहेत, स्त्रिया आहेत आणि मुले पुष्कळ आहेत. विवराजवळच १९६७ साली एका भूमिगत टाक्यात शंभराहून अधिक मुलांचे अवशेष सापडले होते. त्यांतील चौसष्टांच्या बीजद्रव्याची परीक्षा २०२४ साली प्रसिद्ध झाली, तीत ते सारेच मुलगे निघाले. त्यांत जुळ्या भावांच्या दोन जोड्या होत्या. हे सांगताना मार्गदर्शकांचा स्वर खाली गेला. त्याच संशोधनात जवळच्या एका गावातील आजच्या माणसांचे रक्तही तपासले होते आणि त्या मुलांशी त्यांचे नाते जुळले. "लोक मला कुमारिकांची गोष्ट सांगा म्हणतात," ते म्हणाले, "ही मुले आमच्या नात्यातली आहेत हे कसे सांगू?" त्यांनी सांगितले नाही असे मात्र झाले नाही.

भोजनास केळीच्या पानात शिजविलेले डुकराचे मांस होते. आम्ही काळा घेवडा आणि मक्याच्या पातळ भाकऱ्यांवर भागविले. मका चुन्याच्या पाण्यात उकडल्यावाचून तेथे दळीत नाहीत. विहीर चुनखडीची, देऊळ चुनखडीचे, गिलावा चुन्याचा आणि भाकरीतही चुना. एका दगडावर एवढा संसार आम्ही अन्यत्र पाहिला नाही.

दुपारी आम्हांस इक किल नावाच्या विवरात स्नानास नेले. पाणी जमिनीखाली सव्वीस मीटरांवर आहे. कातळातील जिन्याने उतरावे लागते. उतरण्यापूर्वी अंग धुवावयाचे, उन्हाचे मलम लावावयाचे नाही आणि तरंगण्याचे जाकीट घालावयाचे, असे तीन नियम. तीर्थात शिरण्यापूर्वी स्नान करण्याचा पहिला नियम आम्हांस फार पसंत पडला. जाकीट पाहून मात्र गावाकडील विहीर आठवली. तेथे पाठीस पत्र्याचा डबा बांधून आम्हांस काकांनी ढकलले होते. सौ. काठावर उभी राहून म्हणाली, "ज्याचे पाणी पितात त्यात पाय कसे घालायचे हो?" प्रश्न बिनतोड होता. आम्ही तो मार्गदर्शकांस विचारिला. ते म्हणाले, "माझी आजी पाण्यात उतरण्याआधी परवानगी मागत असे. तुम्हीही मागा." सौ.ने हात जोडिले आणि उतरली, आम्हीही उतरलो. पाणी गार, काळेभोर. वरून झाडांची मुळे दोरांसारखी पाण्यापर्यंत लोंबत होती, पायांखालून काळे मासे जात होते, आणि फार उंचावर आकाशाचे एक वाटोळे ताट दिसत होते. शंभर माणसांचा कल्लोळ चालला असताही त्या ताटाकडे पाहत उताणे पडले असता एकांतात असल्यासारखे वाटे.

या द्वीपकल्पाच्या वायव्य भागात अशा विवरांची एक अर्धवर्तुळाकार माळच आहे. सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी आकाशातून एक प्रचंड अशनी तेथे कोसळला, त्याच्या बुजलेल्या खड्ड्याच्या कडेवर ही माळ पडली आहे. साधारण त्याच काळी इकडे दख्खनात लाव्हारसाचे पूर वाहत होते. ज्या काळ्या कातळावर आमचे पुण्याचे घर उभे आहे तो त्याच पुरांचा. त्या वेळचे अजस्र सरडे मारिले कोणी, अशनीने की आमच्या लाव्ह्याने, याचा खटला पंडितांत अद्याप पुरता मिटलेला नाही. अशनीकडे दोष अधिक जातो एवढेच. त्या पाण्यावर तरंगताना एका आरोपीच्या घरचा मनुष्य दुसऱ्याच्या घरी पाहुणा आल्यासारखे आम्हांस वाटले.

परतताना मार्गदर्शक आमच्या शेजारी बसले. विवरे दिसतात निरनिराळी, परंतु खालून पाणी एक. एका गावाने घाण सोडिली की ती दुसऱ्याच्या विहिरीत जाते, आणि साऱ्या द्वीपकल्पाचे पिण्याचे पाणी तेच आहे. होमुन हे त्या माळेवरील गाव. तेथे एकोणपन्नास हजार डुकरांचा कारखाना उभा राहिला, तेव्हा गावच्या माया मुलांच्या नावाने न्यायालयात दाद मागण्यात आली आणि २०१८ साली त्याचे काम स्थगित झाले. पुढे आगगाडीचा नवा मार्ग आला. त्याच्या काही खांबांनी गुहांची छते फोडून पाण्यात पाय रोविले आहेत. हे सारे ते तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते. शेतीचा हिशेब सांगावा तसे सांगत होते. पाऊस लांबला तर त्यांच्या गावी आजही मक्याच्या भाकरी आणि मधाचे पेय ठेवून चाकास बोलावितात. "येतो का?" आम्ही विचारिले. "कधी येतो, कधी नाही. तुमचा येतो का?" ते म्हणाले. आम्ही निरुत्तर झालो.

वायादोलिदला ते उतरले. सौ.ने त्यांच्या आईसाठी आमच्याकडील लाडवांची पुडी दिली. "द्योस बोओतिक," ते म्हणाले. अर्धे स्पॅनिश, अर्धे माया, देव याचे मोल देईल असा त्याचा अर्थ. रस्त्यापलीकडे त्यांचा मुलगा मोटारसायकल घेऊन थांबला होता. दोघे कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि पाण्याचा वीस लिटरांचा भरलेला जार घेऊन बाहेर आले. मुलाने तो पुढे टाकीवर ठेविला, बाप मागे बसला, आणि गाडी गावाकडच्या रस्त्यास लागली.